तळघरातून दिसलेले भविष्य : एच. जी. वेल्स

द्वितीय वर्ष, कला

विज्ञानकथांचे दोन वाचक एकत्र आले की एक वाद हमखास निघतो. फ्रान्सचा ज्यूल व्हर्न मोठा, की इंग्लंडचा एच. जी. वेल्स? व्हर्नचे चाहते पाणबुडी आणि चंद्राची सफर पुढे करतात. वेल्सचे चाहते काळातून प्रवास करणारे यंत्र, अदृश्य माणूस आणि मंगळावरून आलेले आक्रमक पुढे करतात. मग कोणाची किती भाकिते खरी ठरली याचा हिशेब सुरू होतो आणि तो काही केल्या संपत नाही. आपल्याकडे व्हर्न लहानपणीच भेटतो, कारण भा. रा. भागवतांनी त्याच्या अद्भुत सफरी मराठी मुलांच्या हाती दिल्या. वेल्सची ओळख मात्र पुष्कळदा नावापुरतीच राहते. म्हणून या लेखात वेल्सचे जीवन सांगण्याचे योजिले आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे या वादाचे उत्तर यंत्रांच्या यादीत सापडणार नाही. ते या दोघांनी जग कोठून पाहिले, यात आहे.

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळ केंट परगण्यातील ब्रॉम्ली येथे झाला. घरात त्याला बर्टी म्हणत. वडील जोसेफ पूर्वी माळीकाम करीत. पुढे त्यांनी चिनीमातीच्या भांड्यांचे एक लहानसे दुकान घेतले, पण ते कधी धड चाललेच नाही. संसाराला थोडा आधार होता तो क्रिकेटचा! जोसेफ केंटकडून पैसे घेऊन खेळणारे गोलंदाज होते आणि १८६२ साली ससेक्सविरुद्ध त्यांनी ओळीने चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. त्यामुळे दुकानात बश्या-किटल्यांच्या शेजारी बॅटी आणि चेंडूही विकायला असत. आई सारा लग्नापूर्वी ससेक्समधील अपपार्क नावाच्या एका जमीनदाराच्या वाड्यात दासी होती.

या दुकानाचे स्वयंपाकघर जमिनीखाली होते. रस्त्याच्या कडेला बसवलेल्या लोखंडी जाळीतून जो काही उजेड येई तेवढाच. त्या जाळीतून लहानग्या बर्टीला रस्त्यावरची माणसे दिसत नसत, त्यांच्या बुटांचे तळ तेवढे दिसत. जग खालून कसे दिसते, याचा हा त्याला मिळालेला पहिला धडा होय.

१८७४ साली, वयाच्या आठव्या वर्षात, बर्टीचा पाय मोडला आणि त्याला काही आठवडे अंथरुणावर पडून राहावे लागले. वडील त्याच्यासाठी वाचनालयातून पुस्तके आणू लागले. प्रवासवर्णने, इतिहास, प्राण्यांची माहिती, जे हाती येईल ते तो वाचू लागला. पाय बरा झाला, पण वाचनाचे वेड कायमचे जडले. तीनच वर्षांनी पुन्हा एक पाय मोडला, पण या वेळी वडिलांचा. त्यांचे क्रिकेट संपले आणि त्याबरोबर घरचे उत्पन्नही संपले. १८८० साली आई अपपार्कच्या वाड्यात पुन्हा नोकरीस गेली, या वेळी सर्व नोकरचाकरांवर देखरेख करणारी हाऊसकीपर म्हणून. घर विस्कटले. चौदा वर्षांच्या बर्टीला कापडाच्या दुकानात उमेदवारीला धाडण्यात आले.

कापडाच्या दुकानात उमेदवारी करून पुढेमागे स्वतःचे दुकान काढणे ही आईच्या दृष्टीने प्रतिष्ठेची सर्वांत उंच पायरी होती. मुलाला मात्र तेथे चैन पडेना. विंडसरच्या पहिल्या दुकानात त्याच्या हिशेबाचा ताळा जमेना. तेथून त्याची लवकरच रवानगी झाली. नंतर थोडे दिवस त्याने एका शाळेत मुलांना शिकविले, थोडे दिवस मिडहर्स्ट गावी औषधांच्या दुकानात काम केले. १८८१ साली साउथसी येथील कापडाच्या मोठ्या दुकानात तो पुन्हा अडकला. दिवसाला तेरा तास काम! कापडाचे ठाण काढायचे, दाखवायचे, पुन्हा घडी घालून जागच्या जागी ठेवायचे, आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर एका लांबलचक खोलीत झोपायचे. अशी दोन वर्षे गेली.

१८८३ सालच्या एका रविवारी तो पहाटे उठला आणि सुमारे १७ मैल पायी चालत आईकडे अपपार्कला गेला. हे काम आपल्याच्याने होणार नाही, असे त्याने तिला सांगितले. उमेदवारीसाठी तिने पोटाला चिमटा घेऊन भरलेले पैसे बुडणार होते. तिला फार वाईट वाटले असणार. ज्या घरात शिक्षणाची परंपरा नसते तेथे मुलाचे शिकणे म्हणजे हातची भाकरी सोडून पळत्याच्या पाठी लागणे वाटते. आईचे चुकले असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे? तिने जे जग पाहिले होते त्यात तिचा हिशेब बरोबर होता. तरीही तिने अखेर त्याला मोकळे केले. वेल्सच्या पुस्तकांचे ऋण मोजताना या माउलीचे नाव पहिले घ्यावयास हवे.

मिडहर्स्टच्या शाळेचे मुख्याध्यापक होरेस बायट यांनी त्याला साहाय्यक शिक्षक म्हणून घेतले. त्या काळी इंग्लंडात विज्ञानाच्या सरकारी परीक्षा असत आणि जेवढे विद्यार्थी चांगले उत्तीर्ण होतील त्या मानाने शाळेला अनुदान मिळे. बायटनी रात्रीचे वर्ग कागदोपत्री काढले आणि या एका पोराला पुस्तके देऊन अभ्यासास बसविले. वेल्सने एकामागून एक परीक्षा इतक्या उत्तम रीतीने दिल्या की सरकारनेच त्याला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये मोफत शिकण्यास बोलाविले. वर शिष्यवृत्ती, आठवड्याला एक गिनी. १८८४ साली, अठराव्या वर्षी, दुकानातला उमेदवार कॉलेजात आला.

पहिल्याच वर्षी जीवशास्त्र शिकवायला होता टी. एच. हक्स्ले, डार्विनच्या उत्क्रांतिवादाचा सर्वांत मोठा पाठीराखा. या एका वर्षाने वेल्सला आयुष्यभराची दृष्टी दिली. मनुष्य हा सृष्टीचा शेवटचा शब्द नाही. जसा तो घडला तसा तो बदलेल, कदाचित ऱ्हास पावेल, कदाचित नष्टही होईल, ही जाणीव त्याच्या प्रत्येक विज्ञानकथेच्या मुळाशी आहे. पुढच्या वर्षांत मात्र त्याचे मन अभ्यासात रमले नाही. वादविवाद मंडळ, समाजवाद्यांची व्याख्याने आणि विद्यार्थ्यांचे नियतकालिक यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. १८८७ साली तो भूगर्भशास्त्रात नापास झाला आणि पदवी न घेताच बाहेर पडला.

पण त्या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाविषयी थोडे सांगितले पाहिजे. 'सायन्स स्कूल्स जर्नल' हे त्याचे नाव. १८८६ साली ते सुरू करणाऱ्यांत आणि प्रारंभी संपादन करणाऱ्यांत वेल्स होता. १८८८ साली याच अंकांतून त्याची 'द क्रॉनिक आर्गोनॉट्स' ही कथा क्रमशः आली. एक विक्षिप्त शास्त्रज्ञ एका खेड्यात राहावयास येतो आणि काळातून प्रवास करणारे यंत्र बनवितो, असे तिचे कथानक. कथा बोजड आहे, कच्ची आहे, अर्धवटही आहे. वेल्सलाही ती पुढे आवडेनाशी झाली. पण जगप्रसिद्ध 'टाइम मशीन'चे बीज ते हेच! त्याने ही कथा सात वर्षे पुन्हा पुन्हा लिहून काढली.

ती सात वर्षे सुखाची नव्हती. वेल्समधील एका शाळेत शिकवीत असता फुटबॉलच्या मैदानावर एका धक्क्याने त्याच्या मूत्रपिंडाला इजा झाली. मग रक्ताच्या गुळण्या सुरू झाल्या. क्षयाचा संशय आला. बरा होताच तो लंडनला परतला, शाळेत शिकवू लागला, शिकवण्या घेऊ लागला. १८९० साली बाहेरून परीक्षा देऊन त्याने लंडन विद्यापीठाची बी. एस्सी. मिळविली, आणि प्राणिशास्त्रात पहिला वर्ग पटकावला. नापासाचा डाग असा पुसला गेला. १८९३ साली आजाराने पुन्हा उचल खाल्ली आणि शिकविणे सोडावे लागले. आता पोट भरण्यास लेखणीखेरीज काही उरले नाही. १८९५ साली 'द टाइम मशीन' प्रसिद्ध झाली आणि एकोणतीस वर्षांच्या आतच हा गृहस्थ नामांकित लेखक झाला.

या कादंबरीचा नायक इसवी सन ८,०२,७०१ मध्ये जातो. तेथे त्याला नाजूक, सुंदर, खेळकर असे एलॉय भेटतात. त्यांना काम करावे लागत नाही, विचारही करावा लागत नाही. हाच मानवाचा स्वर्ग असे त्याला वाटू लागते. मग त्याला जमिनीखाली जाणाऱ्या विहिरी दिसतात. खाली अंधारात मॉरलॉक राहतात, यंत्रे चालवितात आणि रात्री वर येऊन एलॉयांना पळवून खातात. एके काळचे मालक आणि एके काळचे मजूर लाखो वर्षांत दोन निरनिराळे प्राणी होऊन गेले आहेत.

ही कल्पना कोठून आली? अपपार्कच्या वाड्यात नोकरांच्या खोल्या तळघरात होत्या. धन्यांच्या नजरेस नोकरचाकर पडू नयेत म्हणून स्वयंपाकघर आणि तबेला यांच्याकडे जाण्यास जमिनीखालून भुयारे खोदलेली होती. त्यांना उजेड आणि वारा मिळण्यासाठी वर झरोके ठेवले होते. वरच्या हिरवळीवरून पाहुणे फिरत आणि खालून ताटे वाहिली जात. हाऊसकीपरच्या मुलाने ही भुयारे पाहिली होती. त्याच वाड्याच्या ग्रंथालयात त्याने प्लेटो आणि स्विफ्ट वाचला होता, माळ्यावर सापडलेले दुर्बिणीचे सुटे भाग जुळवून चंद्रही पाहिला होता. खाली भुयार आणि वर आकाश! वेल्सची सारी विज्ञानकथा या दोहोंच्या मधल्या जिन्यावर उभी आहे.

यानंतर वर्षा-दोन वर्षांनी एकेक अजब पुस्तक येत गेले. १८९६ साली 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो', ज्यात एक शास्त्रज्ञ शस्त्रक्रिया करून जनावरांना माणसासारखे बनवितो. १८९७ साली 'द इन्व्हिजिबल मॅन'. अदृश्य होणे म्हणजे केवढी चैन असे आपल्याला वाटते. वेल्स मात्र दाखवितो की अदृश्य माणसाला कडाक्याच्या थंडीत उघडे फिरावे लागते, खाल्लेले अन्न पचेपर्यंत पोटात दिसते, कुत्र्यांना वास येतो आणि चिखलात पावले उमटतात. एक अशक्य गोष्ट मान्य करावयाची, पण पुढचे सारे काटेकोर व्यवहाराने चालवावयाचे, ही त्याची रीत. म्हणून त्याचे अद्भुत आपल्या शेजारी घडल्यासारखे वाटते.

१८९८ साली 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' पुस्तकरूपाने आले. वेल्स तेव्हा वोकिंग गावी राहत असे. सायकलवरून फिरताना तो आसपासची ठिकाणे हेरून ठेवी आणि कादंबरीत मंगळावरच्या आक्रमकांकडून ती जाळून टाकी! या पुस्तकाचे मूळ त्याचा भाऊ फ्रँक याच्याशी झालेल्या एका बोलण्यात होते. टास्मानिया बेटावर युरोपियनांनी तेथील मूळ रहिवाशांचा जो संहार केला त्याचा विषय निघाला होता. तसेच कोणी आकाशातून उतरून इंग्रजांचे केले तर? ज्या १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून साम्राज्यभर उत्सव चालला होता, त्याच साली ही कथा मासिकातून क्रमशः येत होती. लंडन ओस पडते, साहेब रस्त्याने पळत सुटतो. अखेर आक्रमक मरतात ते तोफांनी नव्हे, तर सूक्ष्म जंतूंनी. आपण ज्या देशाच्या अंमलाखाली होतो त्या देशाचाच एक लेखक आपल्या वाचकांना गुलामाच्या जागी उभा करीत होता, हे आपण विसरू नये.

आता व्हर्नकडे वळू. तो वेल्सहून ३८ वर्षांनी वडील. १८२८ साली नांत या बंदराच्या शहरी एका वकिलाच्या घरी त्याचा जन्म झाला आणि तो स्वतः पॅरिसला कायदा शिकला. त्याच्या पुस्तकांत नकाशे आहेत, मोजमापे आहेत, जगभर हिंडण्याची अनिवार हौस आहे. वेल्सच्या चंद्रावरील कादंबरीत, १९०१ च्या 'द फर्स्ट मेन इन द मून'मध्ये, गुरुत्वाकर्षण अडविणारा कॅव्होराइट नावाचा पदार्थ आहे. व्हर्नला हे मुळीच रुचले नाही. आपण तोफेच्या गोळ्यातून माणसे पाठविली, म्हणजे खऱ्या पदार्थविज्ञानाचा आधार घेतला. वेल्सने तो पदार्थ तयार करून दाखवावा, असे त्याने एका मुलाखतीत सुचविले. गंमत अशी की व्हर्नच्या त्या प्रचंड तोफेतून माणसे खरोखर उडविली असती तर पहिल्याच हिसक्यात त्यांचा चुराडा झाला असता. म्हणजे या कसोटीवर दोघेही नापासच!

तेव्हा ही कसोटीच बाजूला ठेवावी. व्हर्न विचारतो, तेथे जाता येईल का? वेल्स विचारतो, तेथे गेल्यावर कोण कोणाला खाईल? व्हर्नला दुःखाची जाण नव्हती असे मात्र कोणी समजू नये. त्याचा कॅप्टन नेमो हा मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र आणि १८५७ च्या लढ्यात उतरलेला, हे त्याने 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये उघड केले आहे. परंतु नेमो राजपुत्र आहे. त्याच्या पाणबुडीच्या पोटात राबणाऱ्या खलाशांची कहाणी व्हर्न सांगत नाही. वेल्स असता तर त्याने आधी तेथेच डोकावून पाहिले असते.

भाकितांचीच आवड असलेल्यांसाठी वेल्सपाशी सामग्री कमी नाही. १९०३ च्या एका कथेत त्याने रणगाड्यासारखी यंत्रे रंगविली. १९१४ च्या 'द वर्ल्ड सेट फ्री' या कादंबरीत अणुबाँब हा शब्द आणि त्याने बेचिराख झालेली शहरे आहेत. लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने १९३२ साली ती वाचली आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याला अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. अमेरिकेचा रॉबर्ट गोडार्ड शाळकरी वयात मंगळाची कथा वाचून भारावला आणि १९२६ साली त्याने द्रवरूप इंधनाचे पहिले रॉकेट उडविले. पण यावरून कथा म्हणजे भविष्याचे पंचांग असे ठरत नाही. झिलार्डला वेल्सने कृती शिकविली नव्हती. त्या कृतीची भीती मात्र आधीच दाखवून ठेवली होती.

विसाव्या शतकात वेल्स कादंबरीकारापेक्षा जगाचा शिक्षक होऊ पाहत होता. पहिल्या महायुद्धानंतर त्याने 'द आउटलाइन ऑफ हिस्टरी' हा जगाचा इतिहास लिहिला. तो लाखोंनी खपला. त्यात राजांच्या गर्दीत सम्राट अशोकाला त्याने अत्यंत मानाचे स्थान दिले. पंडित नेहरूंनी तुरुंगातून मुलीला पत्रांद्वारे जगाचा इतिहास सांगितला तेव्हा त्यांच्यापुढे हा ग्रंथ होता. १९२० साली वेल्स लेनिनला भेटला, १९३४ साली स्टालिन आणि रूझवेल्ट या दोघांना भेटला. स्वतःला मधुमेह असल्याने त्याच साली त्याने डॉ. आर. डी. लॉरेन्स यांच्यासह मधुमेही रुग्णांची संस्था स्थापन केली.

त्याचे दोषही झाकण्याजोगे नाहीत. संसारात तो एकनिष्ठ राहिला नाही आणि त्याचा त्रास अनेकींना भोगावा लागला. १९०१ च्या 'अँटिसिपेशन्स' या पुस्तकात, भावी जगात ज्या गौरेतर जातींची कार्यक्षमता कमी ठरेल त्यांना नाहीसे व्हावे लागेल, अशा अर्थाचे त्याने लिहिले. मॉरलॉकांचे दुःख ओळखणाऱ्याने हे लिहावे याचा खेद वाटतो. वर चढलेल्या माणसाला खालचे जग कधी कधी दिसेनासे होते, हेच खरे. पुढे त्याचे विचार पालटले. १९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत, त्याने सर्व मानवांच्या हक्कांचा जाहीरनामा मांडण्यासाठी लेखणी झिजविली. १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यामागे ज्या अनेक प्रयत्नांची पूर्वपीठिका आहे, त्यांत हाही एक गणला जातो.

शिकण्याची हौस मात्र अखेरपर्यंत फिटली नाही. वयाच्या शहात्तरीच्या सुमारास प्रबंध सादर करून त्याने १९४३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळविली. रॉयल सोसायटीचे सभासदत्व मात्र त्याला कधीच लाभले नाही. बाँबहल्ल्यांच्या काळातही त्याने लंडन सोडले नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी जळालेली त्याला ऐकावी लागली. एकतीस वर्षांपूर्वी त्याने कागदावर टाकलेला बाँब खरा झाला होता. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमधील राहत्या घरी त्याचे देहावसान झाले.

मराठीतही विज्ञानकथेचे दालन समृद्ध झाले आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठविलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पण विज्ञानकथा लिहिण्यास शास्त्रज्ञच असावे लागते, आपण कलाशाखेचे, आपले ते काम नव्हे, असा एक समज आपल्यात आहे. त्याहून खोल रुजलेला समज असा की ज्यांच्या घरात आपणच पहिले कॉलेजात आलो त्यांनी नोकरीपुरते शिकावे, कल्पनेच्या भराऱ्या इतरांनी माराव्या. वेल्सचे चरित्र मला महत्त्वाचे वाटते ते येथे. दासीच्या या मुलाने पाहिलेले भुयार, मोजलेले कापड, भोगलेली भूक यांतले काहीही वाया गेले नाही. त्याच्या काळयंत्राला लागलेला माल त्याच्या घरातलाच होता.

आणि त्या यंत्राची पहिली, ओबडधोबड, सदोष आवृत्ती छापली गेली ती कोणा नामांकित मासिकात नव्हे, तर विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालविलेल्या एका कॉलेजच्या अंकात. आपल्या वार्षिकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागते तेव्हा आपल्यापैकी बरेच जण ती न वाचताच पुढे जातात. पुढच्या वर्षी थोडे थांबून ती वाचावी, एवढीच विनंती.